डोहाळे की दुखणं?

‘डोहाळेच ते, होईल बरं!’ म्हणत सासूबाई आवळासुपारी पुढं करतात. पुष्कळजणींना तेवढं पुरतंही. पण पोटात पाण्याचा घोट ठरेना, लघवी गडद नि थोडी होऊ लागली, वजन शेकडा ५ नं उतरलं, तर ते दुखणंच. सुनेचे नखरे मुळीच नव्हेत! गर्भाकडून येणारं जीडीएफ-१५ हे संप्रेरक याचं मोठं कारण, असं २०२३ साली संशोधकांनी दाखवलं. त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंना गाठावं. उलट्या फार दिवसांच्या असल्या तर ग्लुकोज चढवण्याआधी ब-१ जीवनसत्त्व द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होण्याची भीती. हे बिनदिक्कत विचारावं. आणि घरात फोडणीचा वास तूर्त नको. यजमानांनी तेवढे दिवस दहीभात खाल्ला, तर काही बिघडत नाही!