परतीची वाट

सुंदर दिसावे ही इच्छा मानवाइतकीच जुनी आहे. उटणे, काजळ, अलंकार ही तिचीच रूपे होत. परंतु काजळ पुसता येते, अलंकार उतरवता येतात. आजची काही प्रसाधने मात्र सुईवाटे त्वचेखाली जातात. ओठ भरदार दिसावेत, सुरकुत्या बुजाव्यात म्हणून भरल्या जाणाऱ्या अशा पदार्थांना ‘फिलर’ म्हणतात.

त्यांत हायलुरोनिक आम्लाचा वापर फार मोठा आहे. कार्ल मायर व जॉन पामर या शास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये गाईच्या डोळ्यातून ते प्रथम वेगळे केले. मानवी त्वचेतही ते असते. त्यापासून बनवलेल्या फिलरला अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळाली. हा फिलर नकोसा झाल्यास हायलुरोनिडेज हे विकर टोचून विरघळवता येतो. आपण सर्व फिलर असेच विरघळवून घेतल्याचे अभिनेत्री कोर्टनी कॉक्स यांनी २०१७ मध्ये मोकळेपणाने सांगितले.

अशी सोय असल्यावर भय कशाचे, असे अनेकांना वाटते. नेमका येथेच विचार तोकडा पडतो. पाटीवरील अक्षर पुसावे इतके हे सोपे नाही. हे विकर त्वचेतील मूळचे आम्लही काही काळ विरघळवते. मधमाशीच्या विषातही ते असल्याने त्या दंशाची तीव्र अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना त्याचा धोका संभवतो. सिलिकॉन किंवा कॅल्शियमयुक्त फिलरवर तर त्याचा उपयोगच होत नाही. फिलर चुकून रक्तवाहिनीत शिरल्यास त्वचा मरू शकते. क्वचित दृष्टीही जाते. गेलेली दृष्टी विकराने परत येईलच असे नाही.

स्वतःच्या चेहऱ्याबाबत निर्णय घेण्याचा अधिकार ज्याचा त्यालाच आहे. निर्णय बदलणाऱ्याची थट्टा करणेही अनुचित होय. परंतु अधिकाराबरोबर सावधपणाही हवा. टोचणारी व्यक्ती प्रशिक्षित डॉक्टर आहे काय, पदार्थ कोणता, तो विरघळतो काय, हे आधीच विचारावे आणि त्याची लेखी नोंद जपून ठेवावी. सौंदर्यप्रसाधनगृहातील स्वस्त सुईच्या मोहात पडू नये.

परतीची वाट असणे ही विज्ञानाची देणगी आहे; पण ती आहे म्हणून कोणत्याही वाटेने डोळे मिटून निघणे शहाणपणाचे नव्हे.