तिची चिडचिड

परवा एक जुनी विद्यार्थिनी भेटली. नवरा इथेच भिवंडीत यंत्रमागावर, बारा तासांची पाळी; ही घरी विड्या वळते. बोलता बोलता म्हणाली, "सर, आम्ही दोघांनी गांजा सोडला." मी चपापलो. दोघांनी?

सोडला एकाच दिवशी. तो चिडला की सासू म्हणायची, "सोडतोय बिचारा, त्रास होणारच." त्याला हळद-दूध, झोपायला माळा. ही चिडली की, "हिचा स्वभावच तसला!" रात्रभर टक्क जागी, मळमळ, अन्न समोर नको, आणि पहाटे नळावर हजर. त्याच दिवसांत मी तिला रस्त्यात मुलावर ओरडताना पाहिलं होतं. मनात म्हटलं होतं, शाळेत किती गुणी पोर होती, आता तोंड सुटलंय. ते आठवून लाज वाटली हो.

'गांजाचं काही नसतं, केव्हाही सुटतो' असं पुष्कळजण सांगतात. ते खरं नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ सालच्या निदानपुस्तिकेत गांजा सोडल्यावरच्या त्रासाची स्वतंत्र नोंद केली. चिडचिड, बेचैनी, झोप उडणं, विचित्र स्वप्नं, भूक मरणं. एक-तीन दिवसांत सुरू होतं, पहिल्या आठवड्यात वाढतं, दोनेक आठवड्यांत ओसरतं. झोप मात्र महिनाभरही रुळावर येत नाही. आणि अनेक अभ्यासांत असं दिसलंय की बायकांना हा त्रास जास्त होतो, विशेषतः चिडचिड आणि मळमळ. म्हणजे जिला जास्त त्रास, तिलाच सवलत नाही!

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं. तिथे बायकांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आला २००९ साली. मधल्या २३ वर्षांत बायका व्यसनी नव्हत्या असं थोडंच आहे? घरातच झाकून ठेवलेल्या असणार. पुरुषाचं व्यसन म्हणजे आजार, बाईचं म्हणजे चारित्र्य, हा आपला जुना हिशोब.

माझं म्हणणं एवढंच. सोडणारी बाई असेल तर तिलाही पंधरा दिवस आजारी माना. नळाचं पाणी दुसऱ्याने भरावं. ती ओरडली तर स्वभाव काढू नये. आणि पुन्हा ओढ लागली तर लाज न बाळगता तिला डॉक्टरकडे न्यावं.

निघताना तिला विचारलं, आता कसं आहे? म्हणाली, "झोप लागते सर. पण सासूबाई अजून स्वभावच म्हणतात."

असो. आपल्या घरातली मंडळीही हे वाचतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.