धुके जंगलातले आणि डोळ्यांतले



थंडीचे दिवस सुरू झाले की कामोठ्यातील काही ज्येष्ठ मंडळी पहाटेच पनवेलच्या दिशेने निघतात. पळस्पे फाटा आणि शिरढोण मागे पडले की मुंबई-गोवा महामार्गालगत कर्नाळ्याची झाडी लागते. पनवेलपासून साधारण बारा किलोमीटरवर असलेले हे पक्षी अभयारण्य सुमारे बारा चौरस किलोमीटरचे आहे. बरेचजण तेथे पक्ष्यांसाठी जातात. काहींना मात्र पक्ष्यांपेक्षा धुक्याची ओढ अधिक असते. किल्ल्याचा सुळका धुक्यात अर्धा बुडालेला असतो, झाडांचे बुंधे एकामागे एक फिकट होत जातात, आणि हे सारे कृष्णधवल छायाचित्रात टिपावे असे त्यांना वाटते. या छंदाकडे आज वैद्यकाच्या नजरेने पाहू.

प्रथम धुक्याविषयी. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते. तिच्यालगतची दमट हवा थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात. हे थेंब प्रकाशातील सर्वच रंग जवळजवळ सारख्या प्रमाणात विखुरतात, म्हणून धुके पांढरे दिसते. शिवाय अंधुक प्रकाशात आपला डोळाही रंग जाणत नाही. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशींना भरपूर उजेड लागतो. मंद प्रकाशात काम करतात त्या दंडपेशी, आणि त्यांना रंगांचे ज्ञान नसते. एकोणिसाव्या शतकात पुर्किंये या चेक शरीरशास्त्रज्ञाने पहाटेच्या प्रकाशात फुले न्याहाळून नोंदवले होते, की दिवसा तेजस्वी दिसणारे लाल फूल त्या वेळी काळपट भासते आणि पाने उजळ वाटतात. म्हणजे पहाटेचे जंगल आपल्याला मुळातच बरेचसे कृष्णधवल दिसते.

आता वयाकडे वळू. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या तरुणाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, कारण बाहुली लहान होते आणि नेत्रभिंग पिवळसर पडते. अंधाराला डोळा सरावण्यास निरोगी माणसालाही वीस ते तीस मिनिटे लागतात, वयानुसार हा अवधी वाढतो. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर आणखी एक गोष्ट घडते, ती म्हणजे राखाडीवरचे राखाडी ओळखू येईनासे होते. दवाखान्यातील तक्त्यावर पांढऱ्यावर काळी ठळक अक्षरे असतात. ती नीट वाचता आली म्हणून धुक्यातली शेवाळलेली पायरी दिसेलच, असे नाही.

माझ्याकडे अनेक वर्षे येणाऱ्या एका ७३ वर्षांच्या गृहस्थांची हकिगत त्यांच्या संमतीने सांगतो. पत्नीच्या निधनानंतर ते फारसे कोणात मिसळत नसत. आठवड्यातून एकदा पहाटे कॅमेरा घेऊन कर्नाळ्याला जाणे, एवढाच त्यांचा नेम. एके दिवशी त्यांचा मुलगा त्यांना घेऊन आला आणि म्हणाला, "डॉक्टर, तुम्हीच बाबांना सांगा आता, हे जाणे बंद करा म्हणून. काही झाले तर काय करायचे?" वडील म्हणाले, "घरात बसून काय करू, ते पण तुम्हीच सांगा डॉक्टर."

दोघांचेही खरे होते. मी त्यांची छायाचित्रे पाहायला मागितली. मुलाच्या मोबाइलवर तीन वर्षांची छायाचित्रे क्रमाने होती. पहिल्या वर्षी धुक्याच्या कितीतरी छटा दिसत होत्या. पुढे पुढे काळे अधिक काळे आणि पांढरे अधिक पांढरे होत गेले होते, मधल्या राखाडी छटा जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. मुलाला ती वडिलांची नवी शैली वाटली होती. वडील म्हणाले, "हल्ली धुकेच दाट पडते. कॉन्ट्रास्ट वाढवल्याशिवाय चित्र उठत नाही." नेत्रतज्ज्ञांकडे पाठवल्यावर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आढळला. शस्त्रक्रियेनंतर त्यांनी तीच छायाचित्रे पाहिली आणि म्हणाले, "ही एवढी भडक केव्हा केली मी?" ती छायाचित्रे त्यांनी पुन्हा नव्याने तयार केली.

यात नवल नाही. प्रसिद्ध फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांना १९१२ मध्ये मोतीबिंदूचे निदान झाले आणि १९२३ मध्ये उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. मधल्या काळातील त्यांच्या काही चित्रांत लाल-तपकिरी रंगांचा दाटपणा दिसतो. डोळा हळूहळू बदलतो तेव्हा माणसाला आपला डोळा बदलल्याचे कळत नाही. जगच बदलले असे त्याला वाटते.

म्हणून छायाचित्रे काढणाऱ्या ज्येष्ठांनी आणि त्यांच्या घरच्यांनी पुढील खुणा ध्यानात ठेवाव्यात. सूर्य वर आल्यावर जंगलातले धुके विरते. दुपारीही जे विरत नाही, ते डोळ्यांतले समजावे. कॅमेऱ्यातून आपण सहसा एकाच डोळ्याने पाहतो, तेव्हा अधूनमधून दुसऱ्या डोळ्यानेही पाहावे. एका डोळ्याने सरळ दिसणारे बुंधे दुसऱ्याने वाकडे किंवा लहरी दिसले, तर दृष्टिपटलाच्या मध्यभागी दोष असू शकतो आणि तपासणी लांबणीवर टाकू नये. दिव्यांभोवती वलये दिसणे हे मोतीबिंदूतही घडते. परंतु त्यासोबत डोळा लाल होऊन तीव्र वेदना, डोकेदुखी वा उलटी होत असेल, तर तो काचबिंदूचा तातडीचा झटका असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी, त्याच तासाला डोळ्यांचे रुग्णालय गाठावे.

आता जाण्याची तयारी. झोपेतून उठल्यावर दोन मिनिटे पलंगाच्या कडेला बसून मगच उभे राहावे. पहाटे रक्तदाब स्वाभाविकपणे चढतो आणि थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय चढ चढू नये. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी चालणे धोक्याचे आहे. त्या दिवशीच्या मात्रेबद्दल आधी विचारून घ्यावे आणि खिशात साखर ठेवावी. खाद्यपदार्थ उघडे नेऊ नयेत, माकडे असतात. दमेकऱ्यांनी पंप जवळ ठेवावा, नाकातोंडावर मफलर घ्यावा. महामार्गालगत धुक्यात धूर मिसळून धुरके होते. वास येत असेल, घसा खवखवत असेल, तर ते धुके नव्हे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर हवेची स्थिती पाहूनच निघावे.

चालताना दुहेरी भिंगाचा चष्मा वापरू नये. त्याचा खालचा भाग वाचनासाठी असतो, म्हणून पायाखालची पायरी अंधुक दिसते. केवळ दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्यावा. पकड असलेले बूट, हातात काठी आणि विजेरी हवी. अंधारात स्वतः गाडी चालवू नये. अभयारण्याच्या प्रवेशाची वेळ वन विभागाकडे आधी विचारावी आणि एकट्याने कधीही जाऊ नये.

छायाचित्राविषयी थोडेसे. धुके उजळ असल्याने कॅमेरा त्याला राखाडी करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर थोडे वाढवावे. मोबाइलवर धुक्यावर बोट टेकवून उजेड वाढवता येतो. समोर एखादा काळा बुंधा घेतला की मागच्या फिकट छटांना खोली येते. चित्र रंगीत काढून नंतर कृष्णधवल करावे, म्हणजे बदलाला वाव राहतो. वातानुकूलित गाडीतून उतरल्यावर भिंगावर बाष्प जमते, दहा मिनिटे थांबावे. तेवढ्यात आपले डोळेही अंधाराला सरावू लागतात.

शुश्रूषा करणाऱ्यांना अखेरची विनंती. घरातील वडीलधाऱ्यांना "जाऊ नका" म्हणणे सोपे असते. परंतु पहाटे उठावेसे वाटणे हे म्हातारपणी किती मोलाचे असते, हे आम्ही डॉक्टर रोज पाहतो. त्या गृहस्थांचा मुलगा आता महिन्यातून दोनदा गाडी चालवतो आणि वडील छायाचित्रे काढतात. आठवड्याऐवजी पंधरवड्याने जाणे, ही दोघांनी मिळून ठरवलेली मर्यादा. आपल्या घरीही अशी मर्यादा एकत्र बसून ठरवावी. त्याआधी वर्षातून एकदा दोन्ही डोळ्यांची, बाहुली मोठी करून, पूर्ण तपासणी करून घ्यावी. तक्त्यावरची अक्षरे वाचता आली, एवढ्यावर समाधान मानू नये.