कुंपणातली शिकार आणि मोंटानाचा कौल

सन 2000च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मोंटाना राज्याच्या मतदारांनी आय-143 हा प्रस्ताव निसटत्या बहुमताने मंजूर केला. खासगी जमिनीला आठ फुटी कुंपण घालायचे, आत एल्क पाळायचे आणि पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यातला एक मारू द्यायचा, हा धंदा त्या मतदानाने बंद झाला. नवे परवाने थांबले, जुने परवाने दुसऱ्याच्या नावावर करण्याची सोय गेली. एल्क म्हणजे मोठ्या शिंगांचे हरीण, काश्मीरच्या हंगुलाचा भाऊबंद. हा प्रस्ताव प्राणीमित्रांनी आणला असेल असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्यासाठी सह्या गोळा केल्या त्या तिथल्या शिकाऱ्यांनी!

दहा वर्षांनी शेजारच्या नॉर्थ डकोटात असाच प्रस्ताव आला आणि सुमारे 57 टक्के मतदारांनी तो फेटाळला. बंदीविरोधकांचे तेच मुद्दे आजही ठिकठिकाणी मांडले जातात, म्हणून ते तपासून पाहणे भाग आहे.

पहिला आणि सर्वांत वजनदार मुद्दा मालकीचा. जमीन माझी, जनावर माझे, कुंपणाच्या आत मी काय करतो याच्याशी सरकारचा संबंध काय? आतले आतच राहिले असते तर या प्रश्नाला उत्तर देणे अवघड गेले असते. पण ते आत राहत नाही. हरणांना ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ नावाचा मेंदूचा रोग होतो. त्यावर लस नाही, उपचार नाही, आणि तो झालेले जनावर वाचत नाही. लागण झाल्यावर वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहूनही जास्त काळ ते धडधाकट दिसते. मग बरगड्या वर येतात, कान लोंबतात, तोंडातून लाळ गळू लागते आणि माणूस जवळ आला तरी ते बुजत नाही. लाळ, मूत्र आणि लेंडी यांतून रोग पसरतो. मातीत गेलेला संसर्ग वर्षानुवर्षे टिकतो. जाळीच्या आतला एल्क आणि बाहेरचा रानातला एल्क नाकाला नाक लावतात, तेव्हा सातबारा कुणाच्या नावावर आहे हे रोगाला कळत नाही.

मोंटानात हे पुस्तकातून आले नव्हते. 1999मध्ये फिलिप्सबर्गजवळच्या एका गेम फार्मवर हा रोग सापडला आणि तिथला कळपच्या कळप मारावा लागला. पुढच्याच वर्षी मतदान झाले.

यावर विरोधक म्हणतात की 2017मध्ये मोंटानाच्या रानातल्या हरणांतही रोग सापडलाच, मग बंदीने साधले काय? रोग रानातूनही पसरतो, हे खरेच आहे. पण रानातला कळप पायी फिरतो, पाळलेला ट्रकमधून. दक्षिण कोरियात हा रोग आढळला, तो कॅनडाहून आयात केलेल्या पाळीव एल्कमुळे. प्रशांत महासागर ओलांडून कोणतेही हरीण चालत जात नाही. एका वाटेने संकट येते म्हणून दुसरी वाट मोकळी सोडायची, हा युक्तिवाद टिकणारा नाही.

दुसरा मुद्दा कत्तलखान्याचा. डुक्कर मारलेले चालते, तर एल्क का नाही? मोंटानाने मांसासाठी एल्क पाळण्यावर बंदी घातलीच नाही. जुने फार्म आजही मांस आणि शिंगे विकू शकतात. बंद झाले ते पैसे घेऊन मारू देणे. अमेरिकेत 1958च्या कायद्यापासून गुरे-डुकरे कापण्याआधी त्यांना बेशुद्ध करावे लागते. कुंपणातल्या गिऱ्हाइकाला मात्र शिंगांसकट मुंडके भिंतीवर लावायचे असते, त्यामुळे तो डोक्यात गोळी घालत नाही. ती छातीत लागली तर ठीक, नेम चुकून पोटात लागली तर जनावर तडफडते. या दोन मरणांना एकाच पारड्यात घालता येणार नाही.

तिसरा दावा संवर्धनाचा, आणि त्यात काही तथ्य आहे हे मान्य करायला हवे. सिमिटार ओरिक्स हे सहाराच्या काठचे हरीण रानातून नामशेष झाले असताना टेक्ससच्या खासगी कुरणांत मोठ्या संख्येने जगत होते. परंतु एल्क किंवा पांढऱ्या शेपटीचे हरीण काही धोक्यात आलेले नाही. एकोणिसाव्या शतकाअखेर एल्क बेसुमार शिकारीने संपत आले होते. ते सावरले संरक्षित रानांमुळे, शिकारीच्या परवान्यांच्या शुल्कातून आणि 1937पासून यासाठी राखून ठेवलेल्या बंदुका-काडतुसांवरच्या करातून. म्हणजे रानातले कळप सामान्य शिकाऱ्यांच्या पैशावर उभे राहिले. मोजक्या मालकांच्या नफ्यासाठी ते पणाला लावण्याचा हक्क कुणाला असावा? बंदीच्या बाजूचा खरा आधार इथे आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी 1887मध्ये स्थापन केलेला बून अँड क्रॉकेट क्लब शिकारीच्या विक्रमांची नोंद ठेवतो. कुंपणात मारलेले जनावर, त्याची शिंगे कितीही मोठी असोत, त्या वहीत चढत नाही. निसटण्याची संधीच नसलेल्या जनावराला मारणे शिकारीत धरायचे नाही, ही शिकाऱ्यांची स्वतःची शिस्त आहे.

“बंदी कशाला, नियम करा,” हा मध्यममार्ग ऐकायला बरा वाटतो. दक्षिण आफ्रिकेने तो चालून पाहिला. पिंजऱ्यात वाढवलेल्या सिंहाला शिकारीआधी 24 महिने मोकळे फिरू द्यावे, असा नियम सरकारने केला. पैदास करणारे न्यायालयात गेले आणि 2010मध्ये अपिलात जिंकले. अखेर 2021मध्ये तिथल्या सरकारला हा धंदाच बंद करण्याचे धोरण जाहीर करावे लागले. मधल्या काळात धंदा चालूच राहिला आणि हजारो सिंह पिंजऱ्यांत साठले.

एका मुद्द्यावर मात्र विरोधकांची बाजू न्याय्य आहे. मोंटानातल्या फार्ममालकांनी सरकारचाच परवाना घेऊन कुंपणे उभारली होती, त्यांत पैसा ओतला होता. त्यांचा भरपाईचा दावा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2008मध्ये फेटाळला. कायद्याच्या कसोटीवर तो निकाल ठीक असेल, पण काल दिलेला परवाना आज निरुपयोगी करताना राज्याने नुकसानीचा वाटा उचलायला हवा होता. यापुढे जे राज्य अशी बंदी मताला टाकेल, त्याने कुंपणे काढण्याचा आणि कळपांची रोगतपासणी करण्याचा खर्च त्याच प्रस्तावात धरावा आणि परवानाधारकांना एकरकमी मोबदला द्यावा.