खड्डा बुजवण्याआधी या!

नव्या इमारतींच्या नळ व मलवाहिनी जोडणीची तपासणी म्हणजे निव्वळ अडवणूक, हे पत्र वाचले. चिरीमिरीचा संताप मलाही आहे. पण आयुष्यभर प्लंबिंग केलेल्या माणसाला तपासणीच नको, असे म्हणवत नाही. चार इंची पाइपाला साधारण 40 ते 60 फुटांत एक फूट उतार लागतो. तो चुकला की मैला तुंबतो. आमच्या शेजारच्या इमारतीत तर संडासाची लाइन चक्क पावसाळी गटाराला जोडलेली! वर चकचकीत पेव्हर ब्लॉक. चेंबरमध्ये रंगीत पाणी ओतले, ते नाल्यात निघाले, तेव्हा कुठे उलगडा झाला. माझी तक्रार वेगळीच: साहेब येतात, पण माती लोटल्यावर.

— एक परवानाधारक प्लंबर, ठाणे