दूरद बेट्ट नुण्णगे

मराठीत ‘दुरून डोंगर साजरे’ म्हणा की कन्नडमध्ये ‘दूरद बेट्ट नुण्णगे’, अर्थ एकच. यूट्यूबवरून घरबसल्या कमाई हा हल्लीचा तसाच डोंगर. मुलगी म्हणते, “आई, तुझ्या कुंद्याचा व्हिडिओ टाकू, पैसे येतील.” येतीलही, पण आधी हिशेब मांडा.

लांब व्हिडिओंना जाहिरातींतला वाटा मिळण्यासाठी २०१८ पासूनची अट आहे: १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास प्रेक्षकांनी पाहिलेले. म्हणजे २,४०,००० मिनिटे. प्रत्येकाने पाच मिनिटे पाहिले, तर तो कुंदा ४८,००० वेळा पाहिला जायला हवा! पुढे जाहिरातीच्या शंभरातले ५५ आपले, ४५ कंपनीचे. तेही १०० डॉलर साठल्यावरच बँकेत येतात.

म्हणून मुलीला नाउमेद करू नका. आजीची पाककृती दोन्ही भाषांत जपली जाईल, हा लाभ पहिल्या दिवसापासूनचा. फक्त त्या भरवशावर नोकरी सोडू नका, कॅमेऱ्यासाठी कर्ज काढू नका. आणि ‘आधी पैसे भरा, मग ऑनलाइन काम देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. काम देणारा पैसे देतो, मागत नाही.