आधी ब्रेक, मग वेग

अंबरनाथच्या एमआयडीसीत लेथ चालवणारा माझा भाचा परवा म्हणाला, "मामा, जुनी मारुती घेतो. मागची सीट काढली की हलकी होईल, रेसच्या गाडीसारखी पळेल. रात्री काटई-बदलापूर रस्ता मोकळाच असतो."

त्याचे गणित निम्मे बरोबर आहे. गाडी हलकी असली की लहान इंजिनही तिला झटकन उचलते, वळणावर ती हाताशी राहते. पण वेग ४० वरून ८० वर गेला, की ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट अंतर लागते. हे तो विसरला.

आपल्याच लोकल मार्गावर, विद्याविहारला, सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुले 'ओरायन रेसिंग' नावाने एका माणसाची हलकी रेसगाडी स्वतः बनवतात आणि 'फॉर्म्युला स्टुडंट' स्पर्धेत उतरवतात. तिथे आधी कसून तपासणी होते. गाडी ६० अंश तिरपी करतात; थेंबही गळता कामा नये. चालक ५ सेकंदांत बाहेर यावा लागतो. ब्रेक दाबताच चारही चाके जाम झाली पाहिजेत. नापास गाडीला ट्रॅक बंद.

मी म्हटले, "गाडी घे, पण सीट राहू दे. पहिला पगार ब्रेक आणि टायरवर घाल. वेगाची हौस आहे ना? मग डिप्लोमा कर. आयटीआयवाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. अशा गाड्या घडवायला तुझ्यासारखेच हात लागतात."

तो काही बोलला नाही. पण काल प्रवेशाचा अर्ज घेऊन आला.

आईवडिलांनो, मुलाने चावी मागितली तर त्याला आधी ब्रेकचे विचारा.